नानांच्या डाव्या घोट्याची नोंद

रविवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. सकाळी आठ ते दुपारी एक. जागा: आमच्या गावच्या शाळेतली चौथीची खोली, धानोऱ्यापासून जीपने पंधरा मिनिटं.

हजर: मी, म्हणजे इथल्या उपकेंद्राची आरोग्यसेविका शोभा, आरोग्यसेवक पाडवीभाऊ, गावातले पन्नाशीपुढचे एकोणचाळीस जण. त्यांत माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी आक्का म्हणते, आणि त्यांचे यजमान, माझे जेठ—नाना.

गैरहजर: दोघं. एक जण लग्नाला सुरतेला गेलेला. एकीने निरोप पाठवला, "मी काय म्हातारी शे का?" ती एकसष्टची आहे.

अशी नोंद केली की मला बरं वाटतं. आज घरी येऊन चहा ठेवला, वही उघडली, शिबिराची सगळी कामं एकाखाली एक तपासली आणि झालेल्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. पण आज एक गोष्ट वहीच्या बाहेर लिहायला बसले आहे. ती मी नवऱ्याला सांगितलेली नाही, आक्कांना नाही, पाडवीभाऊंना नाही. तीन वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय—हे मला कळतं. नाना वर्तमानपत्राच्या मथळ्यांपुढे काही वाचत नाहीत, हेही मला माहीत आहे.

आधी तपासणी काय असते ते सांगते. नाहीतर पुढचं समजणार नाही. की मी वेळ काढते आहे? थोडा काढते आहे.

वय वाढतं तशा रक्तवाहिन्या ताठ होतात, आतून अरुंद होतात. ते बाहेरून दिसत नाही. केस पिकलेले दिसतात, दात पडलेले दिसतात, हे नाही. म्हणून तीन साध्या गोष्टी करायच्या. पहिली, दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजायचा. दुसरी, जमिनीवर पाय लांब करून बसायचं आणि हाताने पायाचे अंगठे धरायचे. शरीर फार ताठ असेल तर वाहिन्याही ताठ असण्याची शक्यता असते. ही तपासणी आमच्या गावात सगळ्यांत आवडती, कारण त्यात म्हाताऱ्यांची फजिती होते. आक्का पहिल्या झटक्यात अंगठे धरतात आणि मग भिंतीजवळ बसलेल्या पुरुषांकडे बघतात, कोणाचं नाव न घेता.

तिसरी तपासणी घोट्याची. माणसाला बाकावर उताणं झोपवायचं, दहा मिनिटं गप्प पडू द्यायचं. मग घोट्याच्या वर पट्टा बांधायचा, नाडीवर थोडी जेली लावायची आणि पेनाएवढी एक कांडी तिथे टेकवायची. रक्त वाहतं त्याचा आवाज येतो. पट्टा फुगवला की आवाज थांबतो, हवा सोडली की परत येतो. तो ज्या आकड्याला परत येतो तो लिहायचा आणि त्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. उत्तर एकाच्या आसपास आलं तर ठीक. नऊ दशांशाच्या खाली गेलं तर पायाकडे जाणारी वाट कुठेतरी अरुंद झाली आहे असं समजायचं आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. एवढंच. सुई नाही, रक्त नाही. हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा आक्का म्हणाल्या होत्या, "हाई तं पिठनी चक्कीना मायक वाजी ऱ्हायनं." आणि मागच्या रांगेतून एक म्हातारी घाईने म्हणाली, "मन्ही चक्की बंद तं नही पडनी ना, सिस्टर?"

मला हे काम मनापासून आवडतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी कंटाळून चूक केली. तसं नव्हतं. मी आनंदात होते.

आता नाना.

नाना आज एकोणसत्तर वर्षांचे आहेत. आमची कपाशी आणि मिरची, शेत गावापासून पाऊण किलोमीटर. इतक्याशा वाटेत नाना चार ठिकाणी थांबायचे. पहिला थांबा दुकानाच्या ओट्यावर, मग लिंबाखाली, मग मारुतीच्या पायरीवर आणि चौथा नाल्याच्या मोरीवर. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं बसून कोणाची तरी चौकशी. गावात यावरून त्यांची थट्टा चालायची. आक्का तर उघड म्हणायच्या, "ह्या काय वावरले जातस? दर वट्टावर हाजरी लावतस." नाना हसून म्हणायचे, "गाव मन्हं शे. इचारपूस कराले नको का?"

मी आरोग्यसेविका. चालताना पोटऱ्या आवळून येणं, थांबलं की बरं वाटणं, पुन्हा चाललं की पुन्हा दुखणं—हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. तरी मी त्याच तोंडाने आक्कांच्या थट्टेवर हसत होते.

आमच्या घरात सून जेठाशी बोलत नाही. सगळीकडे आता असं राहिलेलं नाही, पण आमच्याकडे होतं. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यायचा नाही, ओट्यावर ठेवायचा. काही सांगायचं तर आक्कांना सांगायचं. नाना समोर उभे असले तरी "आक्का, नानांना सांगा, औषध संपलं का." मग नाना दाराच्या चौकटीकडे बघून म्हणणार, "संपनं नही म्हनं." सणाला पाया पडायचं तेही हातभर लांबून, पदर दोन्ही हातांत धरून जमिनीला टेकवायचा. तीस वर्षं त्या पावलांपुढे वाकले आणि एकदाही त्यांना बोट लागलेलं नव्हतं. यात कोणाला अपमान वाटत नव्हता. नानांनी मला नोकरीला लावण्यासाठी माझ्या सासऱ्यांशी वाद घातला होता, तोही माझ्याशी एक शब्द न बोलता. असा तो मान होता.

तीन वर्षांपूर्वी ते कांडीचं यंत्र आमच्याकडे पहिल्यांदा आलं. एका दिवसासाठी. दुपारी दोनला जीप येऊन ते पुढच्या गावाला नेणार होती. यादीत एकेचाळीस नावं होती. मी कामाची आखणी अशी केली होती: पाडवीभाऊ व्हरांड्यात दंडावरचा रक्तदाब घेणार, मी आत घोट्याचा. चार बाकं मांडली, एक मोजून होईपर्यंत तिघं उताणे पडून राहतील. सगळं घड्याळासारखं चाललं. एक वाजेपर्यंत चाळीस झाले. मला वाटलं, हे कोणाला जमलं नसतं.

एकेचाळिसावे नाना. आक्का त्यांना घेऊन आल्या. कार्डावर पाडवीभाऊंनी लिहिलेला दंडाचा आकडा होता, एकशे अठ्ठेचाळीस. नाना बाकाच्या टोकावर चपला घालूनच बसले आणि भिंतीवरच्या पाढ्यांकडे बघत राहिले. खोलीत सात-आठ माणसं अजून बसलेली, सगळी ओळखीची. मी पदर सारखा केला. मी पट्टा हातात घेतला होता.

आक्का म्हणाल्या, "ह्या म्हनतस, पायले काय व्हयेल नही. ऱ्हाऊ दे."

मी म्हणाले, "बरं."

आणि कार्डावर लिहिलं. उजवा घोटा एकशे बावन्न. डावा घोटा एकशे पन्नास. भागाकार केला, एकाच्या थोडा वर आला. शेरा: पायाचा रक्तपुरवठा चांगला.

दोन्हीकडे एकच आकडा लिहिला नाही—पाहिलंत ना? दोनाचा फरक ठेवला. खरं वाटावं म्हणून. हे मी त्या वेळी सेकंदभरात केलं, पेन न थांबवता. म्हणून कोणी म्हणेल की लाजेने गडबडले, तर ते खरं नाही. गडबडलेल्या माणसाला दोनाचा फरक सुचत नाही.

आणि लाज कसली? त्या सकाळी मी बावीस पुरुषांचे पाय धरले होते. त्यांत काही नात्याने सासरेच लागत होते. पाडवीभाऊ दहा पावलांवर व्हरांड्यात डबा खात होते, हाक मारली असती तर भाकरी ठेवून आले असते. किंवा मी 'केलं नाही' असं लिहू शकले असते. त्यासाठी कार्डावर रकाना असतो. मग का नाही लिहिलं?

कारण एकेचाळीसपैकी चाळीस झाले असते.

त्या महिन्याच्या बैठकीत, पूर्ण भरलेली यादी फक्त आमच्या उपकेंद्राची होती. माझं नाव घेतलं गेलं, टाळ्या वाजल्या. मी घरी येऊन सांगितलं. आक्कांनी शेवयांची खीर केली. नानांनी दाराच्या चौकटीला म्हटलं, "आमनी बाईनं नाव व्हयनं." आणि दोन वाट्या खाल्ल्या.

हे इथेच संपलं असतं तर मी तुम्हाला सांगायला बसले असते का? नसते. खरं ते लिहिते.

आठ महिन्यांनी नानांच्या डाव्या पायाच्या करंगळीला तुरीचं धसकट लागलं. एवढीशी जखम. ती भरेना. दोन आठवड्यांनी मी आक्कांना म्हटलं, दवाखान्यात जाऊ. आम्ही तिघं गेलो. तिथे तेव्हा नव्या डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, नीट विचारपूस करणाऱ्या. त्यांनी जखम पाहिली, साखर तपासली, ती ठीक होती. मग विचारलं, चालताना पाय दुखतात का? पायाचा रक्तपुरवठा कधी तपासलाय?

योग्य प्रश्न, योग्य वेळी.

नानांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. म्हणाले, "मन्ही तपासणी घरमाच व्हयेल शे. आमनी बाईनी करेल शे. पाय चांगला शे."

डॉक्टरीणबाईंनी कार्ड वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी गणवेशात होते. त्या म्हणाल्या, "सिस्टर, हे तुम्ही घेतलंय ना? मग ठीक आहे, त्याची काळजी नको. ड्रेसिंग करत राहू."

मी त्यांच्या टेबलापासून दोन हातांवर उभी होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी मान हलवली. होकाराची.

कार्डावर आकडा लिहिला तेव्हा नानांना काही इजा होईल असं माझ्या मनात नव्हतं. मान हलवली तेव्हा मला सगळं माहीत होतं. लिंबाखालचा थांबा, मोरीवरचा थांबा, न भरणारी जखम, न मोजलेला घोटा. सगळं एका ओळीत डोळ्यांसमोर होतं. तरी हलवली.

पाच आठवडे मी रोज घरी ड्रेसिंग केलं. म्हणजे केलं आक्कांनी, मी शेजारी बसून सांगत होते. तेव्हासुद्धा मी पाय धरला नाही. पाचव्या आठवड्यात करंगळी काळी पडली. मोठ्या शहरात नेलं. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी घोट्याचं मोजलं. उत्तर निम्म्याच्याही खाली. करंगळी काढावी लागली. मांडीतली वाहिनी आत बारीक फुगा फुगवून उघडली. तिथले डॉक्टर आक्कांना एवढंच म्हणाले की महिनाभर आधी आणलं असतं तर बोट कदाचित वाचलं असतं. आक्कांनी ते मला जिन्यात सांगितलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी त्यांची पाठ थोपटली. "होतं असं," म्हणाले.

नाना काय म्हणाले ते सांगू? म्हणाले, बाईनी मोजलं तेव्हा पाय चांगला होता, नंतर मीच तंबाखूने घालवला. गावात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगितलं. माझ्या बाजूने साक्ष दिली म्हणा. कोणी मागितली नव्हती.

आता आम्ही बरे आहोत. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण खरं आहे. त्यांनी तंबाखू त्याच दिवशी सोडली. गोळ्या वेळेवर घेतात. आणि डॉक्टरांनी सांगितलेला मुख्य उपाय काय असावा? चालायचं. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, दुखली की थांबायचं, दुखणं थांबलं की पुन्हा चालायचं. रोज. हे ऐकून नाना इतके हसले की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "मन्हं औषध पहिलेपासूनच चालू व्हतं. माले माहीत नव्हतं, इतलंच." आता रोज सकाळी ते आणि आक्का वावराच्या वाटेने जातात. दुकानाचा ओटा, लिंब, मारुतीची पायरी. गेल्या पावसाळ्यापासून लिंबाखालचा थांबा लागत नाही. लिंबाखाली बसणारे लोक तक्रार करतात की नाना आता मोठे झाले, थांबत नाहीत. आक्का मागून म्हणतात, "हाजरी मन्ही लावा."

माझं कामही सुधारलं. त्या दिवसानंतर मी एकही न घेतलेला आकडा लिहिलेला नाही. 'केलं नाही' हे शब्द माझ्या वहीत आता भरपूर आहेत, तालुक्यात सगळ्यांत जास्त असतील. लोक म्हणतात, सिस्टर फार काटेकोर. कोणाच्या करंगळीवर मी हे शिकले, ते त्यांना माहीत नाही.

आज सकाळी नाना वेळेवर आले. धोतर धुतलेलं, खिशात तीच पिशवी. मी पाडवीभाऊंना आधीच सांगून ठेवलं होतं की नानांचं तुम्ही घ्या. पण आक्का म्हणाल्या, "शोभा, तूच कर. तुन्हा हात हलका शे." मी थांबले. तेवढ्यात नाना, बाकावर उताणे, छताकडे बघत, आक्कांना म्हणाले, "तिले सांग, पाय शे, देव नही. धरू दे."

सगळी खोली हसली. नानाही हसले, पोट हललं.

मी पाय धरला. टाच चिरलेली, गरम. करंगळीच्या जागी गुळगुळीत चामडी. घोट्याच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली, नाडी लागेना, मग लागली. बारीक होती. कांडी टेकवली, चक्की वाजली. पट्टा फुगवला, आवाज गेला. हवा सोडत गेले आणि एकशे बाराला तो परत आला. दंडावर एकशे अडतीस होता. उत्तर आठ दशांशाच्या जरा वर. नऊच्या खाली, पण ज्या आकड्याला बोट गेलं त्याच्या कितीतरी वर. मी तो लिहिला. मला त्या पाच मिनिटांत खरोखर सुख वाटलं, ते नाकारत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी फक्त विचारलं असतं, तर ते हेच म्हणाले असते का? पाय शे, देव नही. मला वाटतं, म्हणाले असते.

उठून बसल्यावर नानांनी नवं कार्ड पिशवीत ठेवलं आणि जुनं बाहेर काढलं. शेजारच्याला दाखवलं. "हाई देख. तीन वरीस पहिले कितला भारी पाय व्हता मन्हा." शेजाऱ्याने चष्मा लावून माझं अक्षर वाचलं. एकशे बावन्न, एकशे पन्नास. "भारीच व्हता, नाना," तो म्हणाला.

आमच्याकडे नोंद चुकली तर खोडरबर चालत नाही, पांढरा रंग चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, आकडा खाली वाचता आला पाहिजे. बाजूला खरं काय ते लिहायचं, सही करायची, त्या दिवसाची तारीख टाकायची. आणि कार्ड ज्याचं आहे त्याला दाखवायचं. नव्या मुलींना हा नियम मीच शिकवते.

आजच्या कामांची यादी समोर आहे. खोली झाडून घेणे, झालं. बाकं परत, झालं. यंत्र जीपमध्ये, झालं. नऊ जणांच्या चिठ्ठ्या डॉक्टरीणबाईंकडे, झालं. सुरतेला गेलेल्याला बुधवारी बोलावणे, निरोप दिला. एकसष्टच्या तरुणीकडे स्वतः जाणे, उद्या.

शेवटची ओळ मी सकाळी, शिबिराला निघण्यापूर्वी लिहिली होती: नानांचं जुनं कार्ड, दोन्ही घोट्यांच्या आकड्यांवर रेघ, 'केलं नाही', सही, तारीख, त्यांच्यासमोर.

कार्ड त्यांच्या खिशात आहे. पिशवीत. मधे एक भिंत आहे, पलीकडे ते आक्कांशी काहीतरी बोलत आहेत. ओळीपुढे खूण नाही.